तुझ्या कुपीचं झाकण

ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. घरी पत्र पाठवावं तर ते न वाचताच देव्हाऱ्यातल्या पोथीखाली सरकवशील, तेही मला माहीत आहे. मासिक मात्र हातात आलं की तू पहिल्या पानापासून मागच्या वधूवर-सूचकापर्यंत वाचून काढतेस. म्हणून इथे लिहितेय. चार लोकांना कळेल म्हणतेस? कळू दे. तूही चार लोकांना सांगतेच आहेस की.

परवा तुझ्या सुनेचा फोन आला होता. "मावशी, आईंनी काल भजनी मंडळात तुमच्या नर्मदा परिक्रमेतली, शूलपाणीच्या झाडीतल्या मुलीची गोष्ट सांगितली. अर्ध्या बायका रडल्या." म्हटलं, कुठली गं गोष्ट? तर तिनं सांगितली. भर दुपार, डोंगर, बाटल्यांतलं पाणी संपलेलं, आपण दोघी मोहाच्या झाडाखाली बसलेल्या. तेवढ्यात कुठूनशी लाल परकर नेसलेली सात-आठ वर्षांची पोर आली, तिनं पाणी पाजलं, आणि तू पाया पडायला वाकून वर बघतेस तर समोर कुणीच नाही. मैया येऊन गेली.

ताई, ती कुठूनशी आली नव्हती. वरच्या कुडाच्या घरातून आली होती. ते घर तुझ्या पाठीमागे होतं, माझं तोंड त्याच बाजूला होतं. लाल परकर कुठला, शाळेचा निळा फ्रॉक होता, मागची चेन तुटलेली आणि तिथे सेफ्टी पिन लावलेली. अॅल्युमिनियमच्या तांब्यात एक वाळकं पान तरंगत होतं. ते तिनं बोटानं काढलं आणि मग तांब्या पुढे केला. बोट बुडालं म्हणून तू जरा थांबलीस, आठवतं? मग प्यायलीस. दोन तांबे प्यायलीस. ती तिसरीत होती. आश्रमशाळेत राहायची, दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती तापामुळे परत गेलीच नव्हती. आणि अदृश्य वगैरे काही झाली नाही. शेळ्या खालच्या अंगाला उतरल्या म्हणून त्यांच्यामागे धावली.

धावण्याआधी तिनं आपल्याकडे काय मागितलं? पेन मागितलं. आणि तू दिलंस. दुसरं नव्हतंच आपल्याकडे. रोज रात्री मुक्काम, सोबती, जेवणात काय होतं ते ज्या पेनानं लिहायचीस, तेच. वही काढून बघ. बोकराट्याच्या मुक्कामापुढे एक ओळ नाही तुझी. मैयाला बॉलपेन कशाला लागतं गं?

तू म्हणशील, पाणी मिळालं ना, मग फ्रॉक निळा की लाल याच्याशी तुला काय करायचंय? करायचंय. तिची आजी दारात कुळीथ निवडत बसली होती. ती पावरी बोलायची आणि नात मराठी करून आपल्याला सांगायची. आजीनं खाली पाण्याकडे हात केला. वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्यातून वर आलेले दिसत होते, तिथे. नात म्हणाली, "आमचं आधीचं घर." एवढंच. जणू पुढच्या आळीतलं घर दाखवावं. तू तेव्हा डोळे मिटून जप करत होतीस. पुस्तकं वाचून आपण ज्या वाटेनं चालायला निघालो होतो, ती जुनी काठाकाठाची वाटही तिथेच खाली होती. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटर झाली, २०१७ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. शूलपाणेश्वराचं मूळ देऊळ त्याच्या कितीतरी आधी पाण्यात गेलं. म्हणून तर परिक्रमावासी आता डोंगर चढतात-उतरतात, आणि दोन-दोन दिवस मैया दिसत नाही म्हणून हळहळतात. आपणही हळहळलो.

आणि मामांची भीती! शूलपाणीत मामा, म्हणजे तिथले आदिवासी, लुटतात, अंगावरचं तेवढं ठेवतात, हे तू इतक्या पुस्तकांतून वाचलं होतंस की परकराच्या नेफ्यात पाचशेच्या चार नोटा शिवून घेतल्या होत्यास. त्या घरानं आपल्याला पाणी दिलं, वर मक्याची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. नेफा उसवायची वेळ काही आली नाही.

पण खरं सांगू? सुनेचा फोन ठेवला आणि मला हसूच आलं. तू लहानपणापासून अशीच. मी पाचवीत असताना फीचे पैसे हरवले होते, बोरं घेताना कुठेतरी पडले. बाबांसमोर माझी बोबडी वळलेली. तू पुढे होऊन म्हणालीस, माकडानं हिसकले. आपल्या आळीत माकड कधी कुणी पाहिलं नव्हतं. बाबांनाही ते कळलं असणार. पण तू माकडाची शेपटी किती लांब होती तेसुद्धा सांगितलंस, आणि मी वाचले. तुझ्या गोष्टींवर मी मोठी झाले गं. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' तूच माझ्या हातात ठेवलीस, आठवीच्या सुट्टीत. त्यामुळे गोष्ट सांगू नकोस असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

सात वर्षं आपण नीट बोललो नव्हतो. लग्नकार्यात एका पंगतीला बसायचो, 'भाजी वाढू का' एवढं विचारायचो. कशामुळे ते इथे लिहीत नाही. सिन्नरचं घर, निबंधक कार्यालयातलं ते लाकडी बाक, हक्कसोडपत्र. तू आधी सही केलीस आणि पेन माझ्या हातात दिलंस. "भावाशी वाईटपणा नको," म्हणालीस. मी सही केली. घराचं मला फारसं दुःख नव्हतं. तू मला विचारलं नाहीस, याचं होतं. आणि मग सात वर्षांनी एका संध्याकाळी तुझा फोन. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "कार्तिकी झाली की ओंकारेश्वरहून निघू. सगळी परिक्रमा नाही जमायची, खंड-खंड करू. पहिला खंड समुद्रापर्यंत. येतेस?" तू चौसष्टची, मी छप्पन्नची. देवाधर्माचं माझं सगळं गणपतीपुरतं. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते तू विचारलं नाहीस, हे एक बरं केलंस.

गोमुख घाटावर संकल्प केला तेव्हा तुझा चेहरा कसा दिसत होता, सांगू? शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखा. कन्यापूजन झालं, कढई झाली, शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन तू मैयाचं पाणी न्यायची कुपी घ्यायला धावलीस. घाटावरच्या दुकानात शंभर प्रकारच्या कुप्या. मी साधी स्टीलची घेतली, आटे नीट बसतात की नाही ते तपासून. तुला ती पितळी हवी होती, वर ॐ कोरलेली. मी तिथेच म्हटलं होतं, ताई, हिचं झाकण सैल आहे. तू म्हणालीस, "मैया सांभाळेल." बकावाँच्या मुक्कामी मैयानं तुझं अंथरूण भिजवलं. त्या गावात घरोघरी नदीतल्या दगडांची शिवलिंगं घडवतात, रात्री उशिरापर्यंत दगड घासल्याचा आवाज येत होता, आणि आपण दोघी एका सतरंजीवर अंग चोरून पडलो होतो. सकाळी तू बिस्किटाच्या पुड्याचा कागद झाकणाखाली घातलास आणि वरून रबर लावलंस. तेवढ्यावर भागवायचं ठरवलंस. तुझं सगळं असंच.

नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. नियम म्हणून मला हा आवडला. यात श्रद्धा लागत नाही, फक्त उजवा हात कुठला ते कळावं लागतं. आणि आवडलं ते 'मूर्ती'. आश्रमाच्या दारात गेलं की पहिला प्रश्न, "कितनी मूर्ती?" तू म्हणायचीस, "दो मूर्ती." नाव नाही, गाव नाही, नवरा काय करतो, मुलं किती, काही नाही. दोन मूर्ती आल्या, दोन आसनं लागली. निमाडात तर कापूस वेचणाऱ्या बायका वेचणी सोडून बांधावर यायच्या, हात धरून चहाला थांबवायच्या. लोक विचारतात, परिक्रमेत काय अनुभव आला? अनुभव म्हणजे त्यांना चमत्कार हवा असतो. मला आठवतात त्या पहाटे चारला चुलीपाशी बसलेल्या बायका, पन्नास परक्या माणसांची पोहे-चहाची सोय करणाऱ्या, आणि आपण 'मैयाची कृपा' म्हणून निघून जायचो. एकदा तरी त्यांचं नाव घ्यावं की नाही? तू घ्यायचीस खरं तर. वहीत आहेत त्यांची नावं. म्हणून तर ती वही थांबली याची मला हळहळ वाटते.

आणि ते सदाव्रत! पीठ, डाळ, मीठ, दोन मिरच्या हातात मिळालं, तुम्हीच रांधा म्हणाले. मी टिक्कड भाजायला बसले. बाहेरून कोळसा, आत कच्चं पीठ. तू एक घास खाल्लास, माझ्याकडे पाहिलंस आणि हसत सुटलीस. पदर तोंडाला लावून, खोकला येईपर्यंत. सात वर्षांनी ऐकलं तुझं ते हसणं. मी अजून चार टिक्कड करपवायला तयार होते.

घराचा विषय निघेल असं मला रोज वाटायचं. राजघाटला निघेल असं तर नक्कीच वाटलं होतं. तिथे काठावर आपण कितीतरी वेळ बसलो होतो. गांधीजींच्या अस्थी जिथे ठेवल्या होत्या ती समाधी पाणी चढणार म्हणून २०१७ मध्ये तिथून हलवली, ते एक म्हातारे गृहस्थ सांगत होते. तू ऐकत होतीस आणि गुडघ्याला तेल चोळत होतीस. मला वाटलं आता बोलशील. तू म्हणालीस, "उद्या लवकर निघू, ऊन लागतं." विषय निघाला नाही. तेव्हा नाही, नंतर नाही. मी तरी कुठे काढला?

धडगावच्या स्टँडवर जे केलंस त्याचा मात्र मला अजून राग आहे. गुडघा टम्म सुजलेला. मी म्हटलं, दोघी परत जाऊ. तू म्हणालीस, "नाही. मैयानं मला इथपर्यंतच बोलावलं होतं. तू पुढे जा." आणि कुपी माझ्या हातात दिलीस. "हिला तेवढी समुद्रापर्यंत ने." मी काही बोलायच्या आत दिलीस. नेहमीसारखं. नंतर घरी आल्यावर मला कळलं की निघण्याच्या महिनाभर आधी तू एक्स-रे काढला होतास, डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती, आणि ती फिल्म तू कपाटात साड्यांच्या घडीत लपवली होतीस. मैयानं इथपर्यंत बोलावलं होतं म्हणे! तुझ्या गुडघ्यानं बोलावलं होतं. मला आधी सांगितलं असतंस तर मी आलेच नसते, हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच नाही सांगितलंस ना? शहाद्याची एसटी लागली. तू खिडकीत बसलीस, एकदा हात हलवलास आणि गाडी सुटायच्या आधीच डोकं गजाला टेकून डोळे मिटलेस. मी फलाटावर दोन कुप्या घेऊन उभी. रडलीस का गं पुढे? तुझी सून म्हणते, घरी आल्यावर दोन दिवस झोपून होतीस.

पुढचं चालणं मी रागाच्या भरात केलं. मोलगीपर्यंत तर पाय आपोआप पडत होते. यवतमाळकडचे पाच जण भेटले, त्यांनी मला मूर्तीत मोजून घेतलं, मग सोपं झालं. गोऱ्याला नवं शूलपाणेश्वर आणि त्याच परिसरात सरदारांचा तो १८२ मीटरचा पुतळा, बघायला आलेल्यांच्या बसगाड्या, आणि आमच्यासारखे मळकट पांढरे कपडे घातलेले लोक कडेकडेनं चालणारे. पलीकडे गरुडेश्वर, टेंबेस्वामींची १९१४ ची समाधी. सावंतवाडीकडच्या माणगावचा माणूस कुठे येऊन टेकला! तुझी तिथे जायची केवढी इच्छा. पण ते उत्तर तटावर, ओलांडायचं नाही. इकडूनच हात जोडले, दोनदा. एकदा तुझ्यासाठी.

अंकलेश्वरच्या आसपास हवेला कारखान्यांचा वास, मग हांसोट, मग कठपोर. इथे समुद्र दिसेल म्हणून मी धावत गेले, तर समोर नुसता चिखल. ओहोटी. मैलभर करडा, चकचकीत चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. नाव भरतीवर सुटते, भरती आपल्यासाठी थांबत नाही, आणि माणसं तर शेकडो. आधारकार्डाची प्रत द्यायची, यादीत नंबर लावायचा, बसून राहायचं. दोन दिवस बसले. तिसऱ्या रात्री अडीचला हाका मारत उठवलं. गुडघाभर चिखलातून, एका हातात काठी, एका हातात चप्पल, दोन्ही कुप्या पदरात बांधलेल्या. तुझा गुडघा तिथे टिकला नसता ताई. हे तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, खरंच टिकला नसता.

नावाडी कोळी, एरवी मासेमारी करणारा. त्याच्याशी बोलत होते. पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणारा पाला मासा आता पूर्वीसारखा मिळत नाही म्हणाला. वर धरणानं पाणी अडलं आणि खाली समुद्र आत शिरला, खारं पाणी गावांपर्यंत येतं. ते थोपवायला भाडभूतला नदीवर आणखी एक बंधारा बांधतायत, तो झाल्यावर जाळी कुठे टाकायची हा त्याचा प्रश्न. हे सगळं तो सुकाणू धरून, आमच्याकडे न बघता सांगत होता. उजाडायला लागलं होतं. दूर दहेजच्या धुराड्यांवरचे दिवे दिसत होते. म्हटलं, दादा, संगम नेमका कुठे? तो हसला. पाण्यात काही रेघ नसते म्हणाला. मग त्याच्या अंदाजानं एके ठिकाणी त्यानं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांनी 'नर्मदे हर' केलं.

कुपीतलं अर्धं पाणी समुद्राला द्यायचं आणि तेवढंच समुद्राचं भरून घ्यायचं. मी आधी तुझी उघडली. रबर काढलं, कागद काढला, हलवून बघितली. ताई, त्यात अर्धं पाणीच नव्हतं. तळाला जेमतेम दोन घोट. महिनाभर झिरपत झिरपत तुझी मैया माझ्या झोळीत, सतरंजीत, शूलपाणीच्या वाटेवर सांडून गेली होती. काय द्यायचं समुद्राला आणि काय ठेवायचं? शेजारच्या काकू आरती म्हणत होत्या, नाव डोलत होती, चारी बाजूंनी लोक फुलं टाकत होते, आणि मी दोन कुप्या घेऊन हिशेब करत बसलेली. शेवटी माझ्या कुपीतलं तुझ्यात ओतलं. निम्मं-निम्मं केलं. मग दोन्हींतून थोडं थोडं समुद्रात सोडलं आणि वाकून दोन्ही भरून घेतल्या. हात कोपरापर्यंत भिजला. पाणी गढूळ होतं आणि जिभेला लावून पाहिलं तर खारट. नियमात बसतं की नाही, कुणाला विचारलं नाही. तुलाही विचारलं नाही, हे लक्षात घे.

मिठीतलाईला उतरले. समुद्राच्या इतक्या जवळ आणि तळ्याचं पाणी गोड, म्हणून ते नाव. तिथे डाळभात खाल्ला, पाय धुतले, आणि पहिल्यांदाच अंगातला शीण जाणवला. मग भरूच, आणि भरूचहून गाडी.

आता तुझी कुपी माझ्याकडे आहे. चार महिने झाले, तू एकदाही तिच्याबद्दल विचारलं नाहीस. मुलीची गोष्ट मंडळात सांगतेस, वाटेतल्या आरत्या सांगतेस, कुपीचं नाव नाही. का गं? मी टाकून दिली असेल असं वाटतं तुला? की परत घ्यायला आलीस तर काही बोलावं लागेल असं वाटतं? नको बोलूस. मी चहा करीन, तू कुपी घे. पुढचा खंड उत्तर तटाचा, मिठीतलाईपासून. गुडघ्याचं ऑपरेशन करून घे, मग बघू. गरुडेश्वर त्याच बाजूला आहे.

आणि मंडळात ती गोष्ट पुन्हा सांगशील तेव्हा फ्रॉक लाल ठेव हवं तर. पण पेन दिल्याचं सांग. तिचं नावही सांग. तुला आठवत नसेल तर मला विचार, मला आठवतं.

कुपी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवलीय. कागद बदलला, रबर बदललं, तरी झिरपतेच आहे. तिच्याखाली फळीवर मिठाचं पांढरं कडं उमटतं. मी दर दोन दिवसांनी पुसते. लवकर ये.

तुझी,
धाकटी